रात्री साडेदहाची भाकर: गरोदरपणातली शुगर आणि सजगतेचं एक प्रकरण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिने माझ्यापुढे वही ठेवली. दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने: वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, शुगर किती. पतसंस्थेत रोखपाल असलेल्या बाईची वही ती, एक खाडाखोड नव्हती. सकाळी मूगडाळीची दोन धिरडी, दुपारी ज्वारीची दीड भाकर, वाटीभर वरण, मेथीची भाजी, चार वाजता मूठभर फुटाणे. मी सांगितलं होतं अगदी तेच, तेवढंच. आणि तरी उपाशीपोटीचे आकडे ९६ ते १०४ आणि रात्रीच्या जेवणानंतरचे १३८ ते १५२. गरोदरपणात उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली शुगर हवी असते.

मी वही मिटली आणि विचारलं, "काही लिहायचं राहून तर नाही ना गेलं? थोडंफार गोड वगैरे?"

ती गप्प झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, मी काहीच लपवून नाही राहिली जी. उपाशी राहिली तरी वाढते. मग मी करू तरी काय?"

मी आहारतज्ज्ञ आहे. उत्तर नागपुरातल्या एका प्रसूतिगृहात आठवड्यातले तीन दिवस गरोदर बायकांची शुगर सांभाळण्याचं काम करते. हे प्रकरण त्या प्रश्नापासून सांगते आहे, कारण तो विचारण्यात चूक माझी झाली होती आणि पुढचं सगळं ती चूक सुधारण्यातून घडलं. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

तिचं वय २९. दोन वर्षांपूर्वी दहाव्या आठवड्यात एक गर्भ पडलेला. आईला बरीच वर्षं मधुमेह. यावेळी पंचविसाव्या आठवड्यात तपासणी झाली: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, शुगर १६८ आली. आपल्याकडे १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. या चाचणीला उपाशी यावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. खेड्यातून बस पकडून आलेल्या बाईला 'उद्या उपाशीपोटी या' म्हटलं की ती पुन्हा येईलच असं नसतं. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीचा आग्रह धरला, पुढे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ती आली, आणि त्यांचा जन्मदिवस १० मार्च हा देशात गरोदरपणातल्या मधुमेहाचा जागृती दिवस मानला जातो. पहिल्याच भेटीत एकदा आणि मग २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, अशी ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची व्हायला हवी. हिची पहिली तपासणी चांगली आली होती. दुसरी झाली नसती तर हे कळलंच नसतं.

पहिले दोन आठवडे आहार आणि चालणं, हा नियम. त्यानंतरही जेवणानंतरचा आकडा १२० च्या वर राहिला तर औषध. दोन आठवडे संपले होते आणि आकडे वर होते. सरळ डॉक्टरांकडे पाठवून औषध सुरू करता आलं असतं. पण तिच्या रडण्याने मला थांबवलं. त्या दिवशी ओपीडी संपल्यावर मी तिला पुन्हा आत बोलावलं आणि वही बाजूला ठेवून विचारलं, "कालचा दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून. जेवण नका सांगू, दिवस सांगा."

वहीत नव्हतं ते सगळं त्या पाऊण तासात बाहेर आलं.

तिचे दिवस मार्चएंडचे होते. पतसंस्थेत रोकड जुळेपर्यंत संध्याकाळचे सात. घरी येऊन स्वयंपाक. नवरा गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो, दुकान बंद करून नारी रोडवरच्या घरी यायला पावणेदहा. त्याला आणि सासऱ्यांना वाढून झालं की साडेदहाला ती जेवायची. वहीत 'रात्रीचं जेवण: एक भाकर, वरण, भाजी' असं होतं. ते खरंच होतं. पण ती भाकर ओट्याशी उभं राहून, भांडी गोळा करता करता, पाच मिनिटांत संपायची. शुगर वाढेल या भीतीने कधी भाकरही सोडून द्यायची आणि नुसतं वरण पिऊन झोपायची. मग दोन वाजता भुकेने जाग यायची. जाग आली की मोबाइल. मोबाइलमध्ये 'शुगरमुळे बाळ पोटात जातं का' हा शोध. तो वाचून झाला की ग्लुकोमीटर.

"रात्री दोनला शुगर तपासता? काहून?"

"बाळ ठीक आहे का नाही म्हणून."

दिवसातून नऊ-दहा वेळा ती बोट टोचत होती. आकडा जास्त आला की लगेच दुसऱ्या बोटातून पुन्हा. एका पट्टीचे पंधरा-वीस रुपये, म्हणजे महिन्याचा हिशेब तीच करू शकत होती, आणि तो ती नवऱ्यापासून लपवत होती. वहीत फक्त मी सांगितलेल्या चार वेळांचे आकडे लिहायची. एकदा रात्री २१२ आकडा आला होता. त्या रात्री ती झोपली नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेवली नाही.

"२१२ च्या आधी काय करत होता?"

"काही नाही. सासऱ्यांना संत्री सोलून देत होती."

मृग बहाराच्या संत्र्यांचे ते दिवस. संत्र्याचा रस बोटाला लागलेला, हात न धुता बोट टोचलं, त्या थेंबात फळाची साखर मिसळली. यंत्राने रक्ताचा नव्हे, संत्र्याचा आकडा दाखवला. आकड्याची इतकी धास्ती घेतलेल्या बाईला हात धुण्याची साधी गोष्ट नीट पोचलीच नव्हती. मी सांगितली होती, पहिल्या दिवशी, इतर चौदा सूचनांच्या मधोमध.

भीतीने शुगर वाढते का

वाढते, पण कशी ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर 'टेन्शन घेऊ नका' या निरुपयोगी वाक्यावर आपण येऊन थांबतो. सात महिन्यांच्या गरोदर बाईला टेन्शन घेऊ नको म्हणणं म्हणजे तिच्या खात्यावर आणखी एक अपयश लिहिणं.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, येणारी संप्रेरकं आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. यामागे निसर्गाचा हेतू आहे, आईच्या रक्तात थोडी साखर जास्त वेळ राहिली की ती बाळाला मिळते. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड दुपटीहून जास्त इन्सुलिन तयार करून ही ओढ भरून काढतं. ज्यांचं तेवढं करू शकत नाही त्यांची शुगर वाढते. म्हणजे हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. वारेमुळे उघडा पडतो आणि वार बाहेर आली की बहुतेकींचा ओसरतो. पहिल्याच दिवशी हे स्वच्छ शब्दांत कळलं तर निम्मा अपराधभाव उतरतो.

या ओढाताणीत भीती स्वतःची भर घालते. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतात, आणि दोन्ही यकृताला सांगतात की साठवलेली साखर सोड, नवी बनव. पळायची वेळ आली तर स्नायूंना इंधन हवं, म्हणून. झोप तुटली की इन्सुलिनचं काम आणखी मंदावतं. सकाळी उपाशीपोटी येणारा आकडा हा मुख्यतः यकृताने रात्रभर सोडलेल्या साखरेचा असतो. भाकर सोडून तो खाली येत नाही. उलट उपाशी राहिल्याने रात्री चरबी जळून रक्तात कीटोन नावाची द्रव्यं वाढतात, जे गरोदरपणात नको असतात. तिचं "उपाशी राहिली तरी वाढते" हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने अचूक होतं. मीच ते बहाणा समजले होते.

सासूबाईंनी दिलेला शब्द

पुढच्या वेळी मी तिला सासूबाईंना घेऊन यायला सांगितलं. जेवणाची वेळ बदलायची तर घरातल्या माणसांशी बोलल्याशिवाय ते होत नाही, हे इतक्या वर्षांत कळलं आहे. त्या आल्या, पांढरी साडी, शांत चेहरा. मी सजगतेबद्दल सांगायला सुरुवात केली: जे होतं आहे त्याकडे, ते बरं का वाईट हे न ठरवता, लक्ष देणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, जुनाट दुखणी असलेल्यांसाठी, वगैरे. सुनेच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. सासूबाई मध्येच म्हणाल्या,

"हे त आनापानच होय न, मॅडम. माहूरझरीले दहा दिवस हेच त केलं मी."

आनापान म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देणं. माहूरझरीला, काटोल-कळमेश्वरच्या बाजूला, धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. नागपुरात असं घर शोधावं लागत नाही जिथल्या एखाद्या आजीने किंवा काकूने दहा दिवसांचं शिबिर केलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर या शहरातल्या हजारो घरांत बुद्धाचे शब्द रोजच्या बोलण्यात आले आहेत. पालीतला 'सति' हाच तो शब्द, ज्याचं सजगता असं भाषांतर मी अमेरिकेहून आणून तिला देत होते, आणि तो तिच्या सासूच्या तोंडी तयार होता. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. माझा कागद मी बाजूला सारला आणि काकूंना विचारलं, "तुम्ही हिला शिकवाल?"

दोन गोष्टी मात्र स्पष्ट केल्या. एक, या महिन्यांत दहा दिवसांचं शिबिर नको. तिथे सकाळी नाश्ता, अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला फळं नि चहा एवढंच असतं, आणि हिला तर दर अडीच-तीन तासांनी थोडं खायचं होतं, शुगर पाहायची होती, चालायचं होतं. दोन, हे औषधाच्या जागी नाही. औषध लागलं तर लागेल, आणि लागलं म्हणजे हिचं मन कमी पडलं असा अर्थ कोणी काढायचा नाही. दुसरी गोष्ट काकूंनी सुनेकडे बघून स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगितली. ते माझ्या सांगण्यापेक्षा जास्त लागलं असावं.

काय केलं

बोट टोचण्यापासून सुरुवात केली, कारण भीती तिथे साठली होती. दिवसातून चारच वेळा: उठल्यावर उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी. आधी साबणाने हात धुवायचे, नीट कोरडे करायचे. मग बसायचं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तीन श्वास. बोटाच्या टोकावर नाही, कडेला टोचायचं, तिथे दुखतं कमी. आकडा येईपर्यंतचे ते पाच सेकंद छातीत काय होतं ते फक्त बघायचं. आकडा वहीत लिहायचा, त्याच्यापुढे शेरा लिहायचा नाही, आणि दुसऱ्या बोटातून पुन्हा तपासायचं नाही. ही शेवटची अट तिला सगळ्यात जड गेली. पहिल्या आठवड्यात दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा तिने स्वतःहून सांगितलं.

जेवणात आम्ही पदार्थ जवळजवळ बदललेच नाहीत. वेळ बदलली आणि बसणं बदललं. रात्री आठला सासू-सुना एकत्र जेवायला बसू लागल्या. आधी काकडी-टमाट्याची कोशिंबीर आणि वरण, भाकर त्यानंतर. पहिले पाच घास मोबाइल, टीव्ही, बोलणं काही नाही, फक्त घास. भाकरीचा वास, करपलेला कड, वरणातला लसूण. पाच घासांनंतर हवं तर बोला. "सगळं जेवण मौनात" असं मी एकेकाळी सांगायचे आणि ते कोणत्याही घरात दोन दिवसांपेक्षा जास्त टिकलं नाही. पाच घास टिकतात. झोपण्याआधी कपभर दूध आणि थोडे शेंगदाणे, म्हणजे दोन वाजताची भूक नको.

जेवणानंतर गच्चीवर पंधरा मिनिटं चालणं, टाच टेकली, पंजा टेकला, एवढंच लक्षात घेत. चालणारे स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर उचलतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं आकड्यावर लगेच दिसतं. त्यात लक्ष पावलांवर असलं तर उद्याची रोकड डोक्यात फिरत नाही, हा वरचा लाभ.

रात्री काकू तिच्याजवळ बसून आनापान सांगायच्या: नाकाच्या दाराशी श्वास येतो, जातो. इथे आमचा अंदाज चुकला. चौथ्याच दिवशी तिचा फोन आला. श्वासाकडे लक्ष दिलं की धाप लागते, घाबरायला होतं, आणि डोळे मिटले की मागच्या वेळची सोनोग्राफीची खोली दिसते. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय वर सरकून छाती-पोटामधल्या पडद्याला रेटतं, त्यामुळे निरोगी बाईलाही श्वास अपुरा वाटतो. अशा वेळी श्वासावर टक लावायला सांगणं म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवणं. आणि ज्या बाईने एक गर्भ गमावला आहे तिच्यासाठी पोटाकडे शांतपणे लक्ष देणं सोपं असेलच असं धरून चालणं हा माझा अविचार होता. सजगता सगळ्यांना निर्धोक असते असं जे सर्रास म्हटलं जातं ते मला आता मान्य नाही. मनाच्या डॉक्टरांशी एकदा बोलायला मी सुचवलं, ती दोनदा जाऊन आली. गर्भ गेल्याचं दुःख तिने दोन वर्षांत कोणाजवळ बोललंच नव्हतं.

सराव आम्ही बदलला. डोळे उघडे. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. श्वासाऐवजी तळव्यांपासून वर, एकेक भाग: पाय, पोटऱ्या, मांड्या, मग हात. पोट वगळायचं. सोबतीला बाहेरचा आवाज, एप्रिलपासून तो कूलरचा होता. दहा दिवसांनी तिने आपणहून पोटाचाही समावेश केला, कारण त्या वेळी बाळ हालत होतं आणि ते बघण्यात तिला आनंद वाटू लागला होता. बाळाची हालचाल रोज लक्षात घेणं हा तसाही आमच्या सल्ल्याचा भाग असतो. आधी ती हालचाल मोजायची, पोलीस हजेरी घेतात तशी. आता ती तिची वाट बघत पडून राहायची.

आकडे काय म्हणाले

तीन आठवड्यांनी, तिसाव्या आठवड्यात, रात्रीच्या जेवणानंतरचे आकडे १०८ ते १२२ मध्ये आले होते. सकाळ-दुपारचे तर आधीपासून आवाक्यात होते. झोप सलग पाच तासांवर गेली होती. उपाशीपोटीचा आकडा मात्र ९७ ते १०१. हललाच नाही म्हटलं तरी चालेल.

डॉक्टरांनी रात्री झोपताना इन्सुलिन सुरू केलं, ४ युनिटपासून. मी या क्षणाची काळजी करत होते. आमच्याकडे इन्सुलिन म्हटलं की बाई कोसळते: आता हे आयुष्यभर, आता बाळाला सुई लागणार, मी नीट केलं नाही म्हणून ही वेळ आली. हिने एकच विचारलं, "हे बाळापर्यंत जाते का?" इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही म्हटल्यासारखंच आहे. आईची जास्तीची साखर मात्र ओलांडते, आणि बाळाचं स्वादुपिंड त्या साखरेला उत्तर म्हणून जास्त इन्सुलिन बनवतं. बाळ अति गुटगुटीत होतं ते त्यामुळे, आणि जन्मल्यावर नाळ तुटताच त्याची साखर एकदम खाली जाते तीही त्यामुळेच. हे तिने ऐकलं, इन्सुलिनचं पेन हातात घेऊन बघितलं, आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. मी काही सांगायच्या आत.

दहा दिवसांत ८ युनिटवर उपाशीपोटीचा आकडा ८८ ते ९३ झाला. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा जोर वाढतो तसा डोस १२ वर न्यावा लागला, ते अपेक्षितच होतं.

मग यात सजगतेचा वाटा किती? हा प्रश्न मला माझ्याच सहकाऱ्यांनी विचारला आणि रास्त विचारला. थायलंडमध्ये गरोदरपणातला मधुमेह असलेल्या १८० बायकांवर एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सजगपणे खाणं आणि योगासनं शिकवली, दुसऱ्याला नेहमीची काळजी. शिकवलेल्या गटाची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर कमी राहिली. उत्साह वाटावा असा निष्कर्ष आहे. पण खाणं आणि आसनं दोन्ही एकत्र दिली होती, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं ते त्यातून सुटं करता येत नाही. माझ्या या एका बाईच्या बाबतीत तर ते आणखी अवघड. जेवण अडीच तास आधी सरकलं, चालणं आलं, झोप आली, चुकीचे आकडे गेले. यातलं एखादंही आकडे खाली आणायला पुरेसं असू शकतं.

माझं मत असं झालं आहे की सजगतेने तिची साखर थेट फारशी उतरवली नसावी. उतरवली असती तर उपाशीपोटीचा आकडाही हलला असता. सजगतेने दुसरंच काही केलं: उभ्याने खाल्लेली भाकर तिला स्वतःला दिसली, दोन वाजताची भूक ही भूक आहे, आजार नाही, हे कळलं, आणि इन्सुलिन घेताना हात थरथरला नाही. आकड्यांच्या कोणत्याही तक्त्यात हे मावणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आणि एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, कारण सजगतेवरच्या व्याख्यानांत ती येत नाही. तिची रात्रीची शुगर उतरली त्याचं सगळ्यात मोठं कारण, माझ्या मते, सासूबाईंनी आठला ताट मांडायला सुरुवात केली हे आहे. नवऱ्याला समजावून सांगितल्यावर तो पावणेदहाला येऊन स्वतः वाढून घेऊ लागला आणि ओटा आवरू लागला. पहिल्या आठवड्यात सासरे कुरकुरले. मग तेही आठला बसू लागले. घर जागचं हललं नसतं आणि आम्ही फक्त तिला म्हणत राहिलो असतो की श्वासाकडे बघा, तर तो तिच्यावर अन्याय झाला असता. साडेदहापर्यंत सगळ्यांना वाढणाऱ्या बाईला शांत राहायला शिकवणं हा उपचार नव्हे.

पुरणपोळी

एप्रिलच्या मध्यावर डोहाळजेवण झालं. मी घाबरले होते, खरं सांगते. विदर्भातली पुरणपोळी म्हणजे पीठ नावाला आणि पुरण हातभर, वरून तुपाची वाटी. पाहुण्यांनी आग्रह केला, कोणीतरी म्हणालं एका दिवसाने काय होते. तिने अर्धी पोळी घेतली, आधी कढी आणि भाजी खाल्ली, मग ती अर्धी पोळी वीस मिनिटं खाल्ली. "मॅडम, इतकी चव मले आधी कधी लागलीच नव्हती," ती दुसऱ्या दिवशी सांगत होती. दोन तासांनी १३१. वहीत १३१ लिहिलं. पुढे शेरा नाही, दुसरं बोट नाही, दुसऱ्या दिवशीचा उपास नाही. संध्याकाळी नेहमीसारखी गच्चीवर गेली.

माझ्या दृष्टीने पूर्ण प्रकरणातली सगळ्यात चांगली नोंद ती १३१ ची आहे. मर्यादेच्या वर असलेली.

पुढे

नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे असताना, ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी कळा सुरू करण्याचं ठरवलं. इन्सुलिनवर असलेल्या बाईला तारखेच्या पुढे जाऊ देत नाहीत. कळांच्या वेळी श्वास तिला उपयोगी पडला का, असं मी नंतर विचारलं. सुरुवातीला पडला, म्हणाली, मग काहीच पडलं नाही, मग सासूबाईंचा हात पडला. मुलगी झाली, ३.१ किलो. पहिल्या तासातच अंगावर घेतलं. बाळाची साखर दोन तासांनी ५२ होती, नंतरच्या तपासण्याही ठीक आल्या. इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं.

सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी. या वेळी मात्र उपाशीपोटी यायचं असतं. पहिला पाऊस होऊन गेला होता. बरीच जणी ही चाचणी करायला येतच नाहीत, बाळ सुखरूप झालं की शुगरचा विषय घरात बंद होतो. ही आली. उपाशीपोटी ९१, दोन तासांनी १३२. मधुमेह नाही. पण गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा सात ते दहा पट असते, म्हणून दरवर्षी एकदा तपासायचं, आणि पुढच्या गरोदरपणात अगदी पहिल्या भेटीत. मी फाइलवर पुढच्या जुलैची तारीख लिहिली, तिने मोबाइलमध्ये टाकली.

तिच्यासोबत या वेळी तिची आई आली होती, गोळ्या चालू असलेली पण कित्येक महिने रक्त न तपासलेली. मुलीचं ग्लुकोमीटर आता तिच्याकडे गेलं आहे. आईने तिथेच माझ्यासमोर बोट पुढे केलं, तर मुलगी म्हणाली, "थांब आई, आधी हात धू."

सराव चालू आहे का, असं मी जाताना विचारलं. रात्रीचा तर बंद पडला, म्हणाली, बाळ दर दोन तासांनी उठते. गच्चीवर जाणं होत नाही, पाऊस. पाच घासांचं विचारलं, तर हसली. कधी पाच होतात, कधी तिसऱ्यालाच पोरगी रडते. पण बसून जेवते, आठला.